जाब कंपनीला विचारा

मा. संपादक,


अफवा थांबवायच्या तर आक्षेपार्ह मजकूर टाकणाऱ्याला थेट अटक करा, हे आपल्या पत्रलेखकांचे म्हणणे मला पटत नाही. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ होतेच. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या साध्या मतासाठी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले.

आपल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवांमुळे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागून जगणारी माणसे ती! व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली ती त्यानंतर. तिने कुणाचे तोंड बंद झाले नाही. मग ती आधीच का नव्हती?

– एक वाचक, साक्री (जि. धुळे)