उल्हासचे पाणी आणि भीमाकाठची द्राक्षवेल

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील धर्मग्रामवासीयांना ‘द्राक्षमळा’ हा शब्द रविवारच्या वाचनांतून परिचयाचा आहे. प्रत्यक्ष मळा मात्र आपल्या परिसरात नाही. कोकणपट्टीची दमट हवा व मुसळधार पाऊस या पिकाला मानवत नाही. तरीही कोवळ्या द्राक्षवेलींना भर उन्हाळ्यात पाणी कुठून मिळावे, या प्रश्नाशी आपला संबंध आहे, आणि तो वाटतो त्याहून निकटचा आहे.

उल्हास नदी मे महिन्यातही वाहती राहते, याचे बरेचसे श्रेय भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्राला आहे. मावळातील आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून तिचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कर्जत तालुक्यात उतरवले जाते आणि वीज निर्माण झाल्यावर उल्हासमध्ये सोडले जाते. हे केंद्र 1922 पासून चालू आहे. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी आणि इंद्रायणी भीमेची. म्हणजे जे पाणी निसर्गक्रमाने देहू-आळंदीवरून पंढरपूरकडे गेले असते, ते शंभर वर्षांपासून पश्चिमेकडे वळलेले आहे. बदलापूरच्या बंधाऱ्यातून ते उचलून बदलापूर व अंबरनाथला पुरवले जाते. उल्हासनगरची तहानही बारवी धरण आणि हीच नदी भागवते.

आता भीमेच्या खोऱ्यात जाऊ. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, पंढरपूर तालुक्यातील कासेगाव, सोलापूरजवळचे नान्नज ही द्राक्षांची गावे. ‘सोनाका’ हे लांबट मण्यांचे वाण नान्नजचेच. 2023 च्या पावसाळ्याने दगा दिला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये शासनाने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत इंदापूर व सांगोला होते. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे पातळीत गेले. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी असली तरी निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते, हे येथे ध्यानात घ्यावे.

अशा वर्षी जुनी बाग एक हंगाम कमी पिकून तगते. खरा धोका नव्या लागवडीला असतो. आपल्याकडे साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये खुंटाची रोपे लावतात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यांवर हव्या त्या वाणाचे कलम करतात, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात खोड व ओलांडे तयार होतात. म्हणजे वेलीच्या आयुष्याचे पहिले दोन्ही उन्हाळे वाढीचेच असतात. मुळे अजून वरच्या वीतभर-हातभर मातीत असतात आणि नेमकी तीच माती सर्वांत आधी तापते. पारा चाळिशीपार गेला की पाने आपली रंध्रे मिटून घेतात, अन्ननिर्मिती मंदावते, शेंडा करपतो. त्या दिवसांत वाढ खुंटलेल्या वेलीचा सांगाडा कच्चा राहतो, आणि ते नुकसान पुढे अनेक वर्षे फळाच्या वजनात दिसते.

म्हणून जाणकार बागायतदार एकदम भरपूर पाणी देत नाही. थोडे, पण वारंवार, आणि पहाटे किंवा रात्री. उन्हात पडलेल्या ठिबकच्या नळीतले पाणी इतके तापते की दुपारी तेच मुळांना अपाय करते. बोदावर उसाचे पाचट पसरले तर बाष्पीभवन घटते. मात्र रात्री पाणी द्यायचे ते विजेच्या वेळापत्रकावर. कृषिपंपाला वीज मिळते ती पाळीपाळीने, आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. वेलीची वेळ आणि विजेची वेळ जुळेलच असे नाही.

विहीर आटली की टँकर. नऊ फूट बाय पाच फूट अंतरावर एकरी सुमारे 968 वेली बसतात. दहा हजार लिटरचा एक टँकर सारखा वाटला तर प्रत्येक वेलीच्या वाट्याला जेमतेम दहा लिटर येतात. एवढे पाणी कोवळ्या रोपाला तगवते, जोमाने वाढवत नाही. शिवाय खोल बोअरचे पाणी अनेकदा क्षारयुक्त असते. पूर्वी वेली स्वतःच्याच मुळांवर लावत. दुष्काळ व क्षार यांमुळेच डॉगरिज खुंटाचा प्रसार झाला. परंतु डॉगरिज सोडियम वर ओढून घेतो, आणि अशा जमिनीत 110 आर हा खुंट सरस ठरतो. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे.

‘टाटांच्या धरणांचे पाणी पूर्वेकडे वळवा’ ही मागणी भीमा खोऱ्यात वर्षानुवर्षे होत आली आहे, आणि तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह झाला, तेव्हापासून या धरणांच्या न्याय्यतेचा वाद चालूच आहे. पण आज आंध्राचे पाणी अचानक थांबले तर उन्हाळ्यात बदलापूर-अंबरनाथचे नळ कोरडे पडतील. भीमेचे पाणी संपते त्याला केवळ हा घाट कारण नाही. उजनीच्या लाभक्षेत्रात ऊस पसरला आहे, आणि उसाची तहान द्राक्षापेक्षा कितीतरी अधिक असते. ठिबकवर काटकसर करणारा बागायतदार व पाटाने ऊस भिजवणारा शेतकरी एकाच दुष्काळात सापडतात, भार मात्र सारखा नसतो.

आपल्या बाजूचा हिशेबही स्वच्छ नाही. घाटमाथ्यावरून आलेले हे पाणी एकदा वापरून आपण सांडपाणी म्हणून सोडून देतो. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी आणि उल्हासनगरातून पुढे जाऊन उल्हासला मिळणारी वालधुनी त्याची साक्ष देते. प्रक्रिया केलेले सांडपाणी औद्योगिक वसाहतींना सक्तीने पुरवले, तर कारखान्यांसाठी नदीतून उचलावे लागणारे पाणी तेवढे कमी होईल. घाटापलीकडे पाणी सोडण्याची चर्चा त्यानंतरच प्रामाणिकपणे सुरू होऊ शकते. आपल्या नगरसेवकांना विचारण्याचा प्रश्न साधा आहे: शहरात रोज किती सांडपाणी तयार होते, आणि त्यातले किती पुन्हा वापरले जाते?