दोन कामं आणि उधारीची झोप

सकाळी साइटवर फेरी, दुपारभर संगणकावर ड्रॉइंग, संध्याकाळी मुलांचा कराटेचा वर्ग आणि नंतर पुन्हा ऑफिसात उरलेलं काम. शहरातल्या काही तरुण आर्किटेक्टचा दिवस असा जातो. अशा तरुणाचं कौतुक होतं आणि ते रास्तही आहे. खुर्चीत आखडलेल्या मानेला, कंबरेला आणि डोक्यालाही मॅटवर मोकळीक मिळते. पण या कौतुकात एक हिशेब राहून जातो. वर्गाचे तास ऑफिसच्या कामातून क्वचितच वजा होतात. ते वजा होतात झोपेतून.

प्रौढ माणसाला रोज किमान 7 तास झोप हवी. सलग 17 तास जागं राहिलं, की प्रतिसादाचा वेग रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतका मंदावू शकतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा त्याहून कमी, 0.03 टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला या अवस्थेत पोहोचतो. नेमका तेव्हाच तो जिन्याची मापं तपासत असतो किंवा दुचाकीवरून घरी निघालेला असतो.

दुसरा गैरसमज म्हणजे शिकवणं हाच व्यायाम. मुलांची आसनं दुरुस्त करत तासभर उभं राहिल्यानं स्वतःचा सराव होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम हवा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. त्यात आठ तास बसून आल्यावर अंग न तापवता उंच किक दाखवली, तर मांडीमागचा स्नायू दुखावायला वेळ लागत नाही.

इथे धोका एकट्या प्रशिक्षकाचा नसतो. सरावात डोक्याला मार लागलेलं मूल गोंधळलं, त्याला गरगरलं किंवा डोकं दुखू लागलं, तर त्याला त्या दिवशी पुन्हा मॅटवर उतरवायचं नसतं. उलट्या झाल्या, गुंगी आली तर थेट रुग्णालय गाठायचं. ही लक्षणं वेळेवर टिपायला प्रशिक्षकाचे डोळे ताजेतवाने लागतात.

म्हणून दोहोंपैकी एक सोडा, असा सल्ला देणं चुकीचं ठरेल. आठवड्यातले तीनच दिवस वर्ग घ्यावा, त्या दिवशी वर्गानंतर ड्रॉइंग उघडू नये आणि स्वतःच्या सरावाची वेळ वेगळी ठेवावी. सबमिशनच्या आदल्या रात्रीचं जागरण आर्किटेक्चरच्या कॉलेजात शौर्यासारखं मिरवलं जातं आणि पुढे ऑफिसातही तीच सवय चालू राहते. ती मोडण्याची जबाबदारी ऑफिसच्या प्रमुखांचीही आहे. दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती घ्या, असं मुलांना बजावणाऱ्या प्रशिक्षकाला स्वतःलाही ती मिळायला हवी.