सर्व्हरच्या मेमरीची खरेदी : ‘जीबी’च्या आकड्यापलीकडे

एक-चौदाचा उतारा असो, वीजबिल असो की रुग्णालयातील तपासणी अहवाल, नागरिकाला आता तो संगणकाच्या पडद्यावर मिळतो. त्या पडद्यामागे कुठेतरी एक सर्व्हर अहोरात्र चालू असतो. तो मंदावला की खिडकीसमोरची रांग वाढते. भोपाळच्या बाग सेवनिया परिसरालगतच्या एम्ससारख्या संस्थेत तर हा प्रश्न रांगेपुरताही राहत नाही. असे असूनही सर्व्हरची खरेदी होताना मेमरीविषयी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : किती जीबी? ती मेमरी प्रत्यक्षात किती वेगाने चालणार, हा प्रश्न मागे पडतो.

मेमरीचा वेग कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून नसतो. ‘जेडेक’ ही आंतरराष्ट्रीय संस्था त्याची मानके ठरवते. डीडीआर४ हे मानक सप्टेंबर २०१२ मध्ये आले व त्याची वेगमर्यादा ३,२०० पर्यंत गेली. जुलै २०२० मध्ये डीडीआर५ जाहीर झाले. सर्व्हरमध्ये त्याची सुरुवात ४,८०० पासून झाली, पुढे ५,६०० व ६,४०० हे टप्पे आले आणि एप्रिल २०२४ च्या सुधारित आवृत्तीने मानकाची मर्यादा ८,८०० पर्यंत नेली. हे आकडे अनेकदा मेगाहर्ट्झमध्ये सांगितले जातात, पण ते बरोबर नाही. ४,८०० म्हणजे एका तारेवरून सेकंदाला ४८० कोटी वेळा होणारी माहितीची देवघेव. घड्याळाचा ठोका त्याच्या निम्मा, २,४०० मेगाहर्ट्झचा असतो. एका वेळी आठ बाइट जात असल्याने अशा एका मार्गाची कमाल क्षमता सेकंदाला ३८.४ जीबी होते.

वेग वाढला की विद्युत संकेत क्षीण होतात व एकमेकांत मिसळू लागतात. त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीपट्टीवर साठवणुकीच्या चिपांसोबत काही साहाय्यक चिपाही बसवाव्या लागतात. त्यांतील ‘आरसीडी’ प्रोसेसरकडून आलेले आदेश व पत्ते नव्याने बळकट करून सर्व चिपांपर्यंत पोहोचवते. ‘पीएमआयसी’ वीजपुरवठा सांभाळते. डीडीआर४ मध्ये हे काम मदरबोर्डकडे होते, डीडीआर५ मध्ये ते पट्टीवरच आले. ‘एसपीडी हब’ पट्टीची ओळख व वेगाचा तपशील जपते, तर तापमापक संवेदक उष्णतेवर लक्ष ठेवतात. नव्या ‘एमआरडिम’ प्रकारात माहितीच्या मार्गावरही विशेष चिपा असतात. त्या ४,४०० च्या दोन प्रवाहांना एकत्र गुंफून प्रोसेसरला ८,८०० चा वेग देतात. इंटेलच्या २०२४ मधील झिऑन ६ मालिकेतील काही प्रोसेसर हा प्रकार वापरतात.

पट्टीवर छापलेला वेग सर्व्हरमध्ये मिळेलच असे नाही, आणि खरेदीदाराची गफलत होते ती येथेच. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या चौथ्या पिढीतील झिऑनचे उदाहरण पाहता येईल. त्याला मेमरीचे आठ मार्ग आहेत. प्रत्येक मार्गावर एकच पट्टी असेल तर वेग ४,८०० असतो. दोन लावल्या तर तो ४,४०० वर उतरतो. ५,६०० ची महाग पट्टी घेतली तरी हा प्रोसेसर ४,८०० च्या पुढे जात नाही. समजा, निविदेत केवळ ‘५१२ जीबी’ लिहिले आहे. ६४ जीबीच्या आठ पट्ट्या लावल्या तर एकूण क्षमता सेकंदाला ३०७.२ जीबी होते. ३२ जीबीच्या सोळा लावल्या तर ती २८१.६ वर येते. १२८ जीबीच्या चारच लावल्या तर निम्मे मार्ग रिकामे राहून ती १५३.६ एवढीच उरते. निविदेची अट तिन्ही पर्यायांत पूर्ण होते, पण शेवटच्या पर्यायात पहिल्याच्या तुलनेत निम्मीच गती पदरात पडते.

दुसरा मुद्दा अचूकतेचा. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरीपट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपेत अंतर्गत दुरुस्तीची सोय असली, तरी ती चिपेपुरतीच असते. चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणाऱ्या चुका पकडण्यासाठी पट्टीवर ‘ईसीसी’ची स्वतंत्र व्यवस्था लागते. एकीला दुसरीचा पर्याय समजणे रुग्णांच्या व जमिनीच्या नोंदींच्या बाबतीत महागात पडू शकते.

या साऱ्याला परावलंबनाचीही बाजू आहे. मेमरीचे जागतिक उत्पादन प्रामुख्याने सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे; आरसीडीसारख्या चिपांमध्ये रॅम्बस, रेनेसास व माँटेज यांचे वर्चस्व आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती झपाट्याने वाढल्या. गुजरातमधील साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प महत्त्वाचा खरा, पण तो जुळणी व चाचणीचा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘रुद्र’ हा देशी बनावटीचा सर्व्हर घडवला, तरी त्यातील मेमरीसाठी बाहेरच पाहावे लागते. साहाय्यक चिपांना प्रोसेसरइतके अतिसूक्ष्म उत्पादनतंत्र लागत नाही. म्हणूनच भारतीय अभिकल्पकांना या क्षेत्रात शिरकाव करण्यास वाव आहे. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेच्या प्रशिक्षण केंद्रांपैकी एक आयआयटी गोव्यात आहे. तेथे घडणाऱ्या मनुष्यबळाला ही दिशा दाखवता येईल.

असे उद्योग उभे राहण्यास वर्षे लागतील. निविदेची भाषा मात्र आजही बदलता येते. एकूण जीबीसोबत पट्ट्यांची संख्या, किती मार्ग भरले जाणार, पूर्ण जोडणीनंतरचा प्रत्यक्ष वेग आणि ईसीसीची हमी या चार बाबी लेखी मागितल्या पाहिजेत व सर्व्हर ताब्यात घेताना त्या तपासल्या पाहिजेत. त्यासाठी जादा खर्च नाही. खरेदी समितीत हे चार प्रश्न विचारणारा एक जाणकार मात्र असायला हवा.