अक्षर, आकृती आणि चित्रकलेचा तास

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वेळापत्रके आखली जातात, आणि त्या वेळी पहिली कात्री लागते ती चित्रकलेच्या तासाला. गणिताचा भाग मागे राहिला, घ्या चित्रकलेचा तास; स्नेहसंमेलनाची तालीम आहे, घ्या चित्रकलेचा तास. याबद्दल पालक तक्रार करीत नाहीत, मुख्याध्यापकांना खंत वाटत नाही, आणि स्वतः कलाशिक्षकही बहुधा गप्प राहणेच पसंत करतात. कारण हा तास म्हणजे बुद्धीला दिलेली विश्रांती, ज्यांचा हात चांगला आहे अशा दोनचार मुलांचा विरंगुळा, अशी आपणा सर्वांचीच मनोमन समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत आपण रोज, अगदी रस्त्यावर चालताना, मोजीत आहोत, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

ती किंमत कोठे दिसते? कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात जाऊन पाहावे. क्षकिरण विभाग कोठे, औषधे कोठे मिळतात, केसपेपर कोणत्या खिडकीवर काढावयाचा, हे सांगणारे फलक असतात. पण त्यांतील निम्म्यांवर शब्दांची इतकी दाटी असते की गावाहून आलेली म्हातारी अखेर वॉर्डबॉयलाच विचारते. कार्यालयातील सूचनाफलकावर सर्व सूचना एकाच आकाराच्या, एकाच जाडीच्या अक्षरांत असतात. अर्ज करण्याची अखेरची तारीख आणि चहाच्या वर्गणीची आठवण यांत डोळ्याला भेद कळत नाही. ही कुरूपतेची तक्रार नव्हे. ज्याला सांगावयाचे त्याच्यापर्यंत सांगणे पोहोचत नाही, ही तक्रार आहे. सांगणे पोहोचविण्याची विद्या म्हणजेच ग्राफिक डिझाइन. आपल्याकडे तिचा अंतर्भाव 'उपयोजित कला' या नावाखाली होतो.

ही विद्या शिकावयाची तर महागडी साधने आणि मोठ्या शहरातील महाविद्यालय हवे, असा दुसरा गैरसमज आहे. वास्तविक तिचे प्राथमिक धडे दोनच आहेत आणि दोहोंना कागद व पेन्सिल पुरते. पहिला धडा, दिसलेली वस्तू मोजक्या आकारांत आणणे. दुसरा, शब्द असा लिहिणे की वाचण्यापूर्वीच त्याचा भाव जाणवावा.

पहिल्या धड्यासंबंधी जर्मनीतील एक कथा नेहमी सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये 'प्रीस्टर' नावाच्या आगपेटीसाठी भित्तिचित्राची स्पर्धा होती. ल्युसियन बर्नहार्ड या तरुणाने प्रथम मेज, त्यावर रक्षापात्र, त्यात पेटती चिरूट, मागे नर्तकी असे साग्रसंगीत चित्र काढले. एका मित्राने विचारले, ही चिरुटाची जाहिरात काय? बर्नहार्डने चिरूट पुसली. मग रक्षापात्राला अर्थ उरला नाही, मेजाला उरला नाही, नर्तकींनाही उरला नाही. शेवटी राहिल्या दोन काड्या आणि ठळक अक्षरांतील नाव. परीक्षकांनी ते चित्र प्रथम केराच्या टोपलीत टाकले होते, पण उशिरा आलेल्या एका परीक्षकाने ते बाहेर काढले आणि पहिले बक्षीस त्यालाच मिळाले, असे म्हणतात. कथेत थोडे तिखटमीठ असेलही; पण ते भित्तिचित्र आजही पाहावयास मिळते आणि त्यात काढून टाकण्याजोगे काहीही नाही. चित्रकाराने तेथे हात चालविण्यापेक्षा डोके अधिक चालविले आहे.

याच विचाराला सामाजिक कार्याची जोड व्हिएन्नात मिळाली. ऑटो नॉयराथ या तत्त्वज्ञाने 1925 मध्ये तेथे समाज व अर्थव्यवहार यांविषयीचे संग्रहालय सुरू केले. घरे, रोग, बेकारी, मजुरी यांचे आकडे सामान्य कामगाराला कळावेत हा त्याचा हेतू. मारी रायडेमाइस्टर ही आकड्यांतून नेमके काय दाखवावयाचे ते ठरवी, आणि गेर्ड आर्न्ट्झ हा चित्रकार माणूस, घर, जहाज, गाय यांच्या साध्या भरीव आकृत्या तयार करी. त्यांचा एक नियम प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. संख्या दुप्पट झाली तर माणसाची आकृती दुप्पट मोठी काढावयाची नाही. त्याच मापाच्या दोन आकृत्या काढावयाच्या. कारण आकृतीची उंची व रुंदी दोन्ही दुप्पट केल्या की क्षेत्रफळ चौपट होते, आणि चित्र नकळत खोटे बोलू लागते. पुढे 'आयसोटाइप' या नावाने जगभर गेलेली ही पद्धत म्हणजे साधेपणा आणि सचोटी यांची सांगडच होय. आजच्या वृत्तपत्रांतील व दूरचित्रवाणीवरील आलेखांना हा एक नियम लावून पाहिला तरी पुष्कळ करमणूक होईल.

पण त्यासाठी व्हिएन्नापर्यंत जाण्याची तरी काय गरज? आपल्या पालघर-ठाण्याच्या वारली पाड्यांवर हे शहाणपण कुडाच्या भिंतींवर कित्येक पिढ्या नांदत आले आहे. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि वर्तुळ, त्रिकोण व रेषा एवढीच सामग्री. दोन त्रिकोण टोकाशी टोक जुळवून ठेवले की माणसाचे धड होते. ते किंचित कलंडले की माणूस नाचू लागतो, वाकला की भात लावू लागतो. लग्नातील चौक सुवासिनी लिहीत. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर व कापडावर आणली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण मात्र हे नक्षीकाम चहाच्या कपांवर व ओढण्यांवर छापून मोकळे झालो. सांधा कोठे ठेवला की हालचाल दिसते, हा त्यातील खरा धडा वर्गात कोणी शिकविला नाही.

साध्या आकृतीची ताकद देशाने एकदा अनुभवली आहे. 1960 नंतरच्या दशकात कुटुंबनियोजनाचा प्रचार सुरू झाला तेव्हा खाली टोक असलेला लाल त्रिकोण आणि आईवडील, मुलगा व मुलगी असे मोजक्या रेषांतील चार चेहरे गावोगावच्या भिंतींवर उमटले. अक्षर न येणाऱ्यालाही ते कळले. पुढे आणीबाणीत, 1975 ते 1977 या काळात, नसबंदीची सक्ती झाली, तेव्हा त्याच त्रिकोणाकडे लोक भीतीने पाहू लागले. चिन्ह चांगले असून भागत नाही. त्यामागील व्यवहारही चांगला असावा लागतो, हेही या विद्येतच शिकावयाचे असते.

आता दुसरा धडा, अक्षराचा. मराठी वाचक या बाबतीत भाग्यवान आहे. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षके ज्यांनी वृत्तपत्रांच्या जाहिरातींत पाहिली, त्यांना नाटक विनोदी की गंभीर, हे तिकीट काढण्यापूर्वीच अक्षरांनी सांगितले होते. र. कृ. जोशी यांनी जाहिरात व्यवसायात, पुढे पवईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात आणि शेवटी संगणकाच्या क्षेत्रात आयुष्यभर अक्षराचाच ध्यास घेतला. कार्यालयातील ज्या लिपिकाने संगणकावर 'मंगल' या अक्षरसंचात पत्रे टंकित केली असतील, त्याच्या डोळ्यांपुढे जोशी यांचेच काम आहे. वसंत सरवटे पेशाने अभियंता. पण त्यांच्या तुटक वाटणाऱ्या रेषेने मराठी मध्यमवर्गाला स्वतःकडे पाहावयास शिकविले. एवढी परंपरा दाराशी असताना शाळेत अक्षरलेखन कसे शिकविले जाते?

शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमीजिएटमध्ये, अक्षरलेखन भूमितीच्या जोडीने येते. त्यामुळे ते मोजपट्टीचे काम झाले आहे. दोन समांतर रेषा आखावयाच्या, समान घरे पाडावयाची, त्यांत अक्षर कोंबावयाचे आणि आतून रंगवावयाचे. नीटनेटकेपणाची सवय म्हणून याला मोल आहेच, ते नाकारण्याचे कारण नाही. पण देवनागरी अक्षर मुळात घरांतून जन्मलेले नाही. ते तिरक्या कापाच्या बोरूतून जन्मले आहे. रोमन अक्षरांची रुंद टोकाची लेखणी आणि आपला बोरू यांचे काप परस्परविरुद्ध दिशांना असतात, म्हणून त्यांची जाडबारीक वळणेही उलट पडतात. हे न सांगता इंग्रजी अक्षरांचा ठोकळा मराठीला लावला की 'क' चा तोल जातो, 'झ' अडखळतो आणि वेलांटी ही जणू शेवटी आठवलेली गोष्ट ठरते. शिरोरेषा, काना, मात्रा, रफार, उकार यांमुळे आपले अक्षर वर आणि खाली दोन्हीकडे पसरते. त्याला श्वास घ्यावयास जागा लागते. मुलाच्या हाती एकदा बोरू देऊन पाहावा. जे दहा तक्त्यांनी कळत नाही ते एका 'अ' ने कळते.

भावपूर्ण अक्षर म्हणजे मात्र अक्षरांना दागिने घालणे नव्हे. 'पाऊस' या शब्दाला थेंब लोंबकळविणे, 'आग' या शब्दाला ज्वाळा काढणे, 'थंडी' वर बर्फ साचविणे ही पळवाट झाली. येथे चित्र बोलते आणि अक्षर गप्प राहते. खरा प्रयत्न जाडी, अंतर, कल आणि जागा या चार गोष्टींनीच करावयाचा असतो. 'गर्दी' लिहिताना दोन अक्षरांमधील अंतर काढून घ्यावे आणि शब्द कागदाच्या चारही कडांना भिडवावा. 'एकटा' हा शब्द बारीक करून कोऱ्या कागदाच्या एका कोपऱ्यात ठेवावा. 'ओझे' लिहिताना शिरोरेषा जाड करून खालची अक्षरे किंचित दबू द्यावीत. रंग नाही, अलंकार नाही, तरीही अर्थ दिसतो. जो विद्यार्थी हे करतो त्याला आधी शब्दाचा अर्थ नीट कळून घ्यावाच लागतो. त्या अर्थाने हा तास चित्रकलेइतकाच मराठीचाही आहे.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की आता संगणक हे सारे करतो. अक्षरसंच हजारो मिळतात, आणि अलीकडे तर यंत्राला नुसते सांगितले तरी ते चित्र काढून देते. बरोबर आहे. पण यंत्र दहा चित्रे पुढे ठेवील तेव्हा त्यांतील कोणते निवडावे आणि निवडलेल्यातून काय काढून टाकावे, हे कोण ठरविणार? गावातील पेंटरची जागा फ्लेक्सने घेतली. साधने शतपट वाढली, आणि चौकातले फलक मात्र पूर्वीपेक्षा अधिक बटबटीत झाले. पेंटरला अक्षराचा तोल उमगलेला होता, कारण त्याने उमेदवारीत तेच एक अक्षर शेकडो वेळा काढलेले असे. उणीव यंत्रात नाही, यंत्र चालविणाऱ्याच्या डोळ्याला वळण नाही यात आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा. सर्व मुले काही चित्रकार होणार नाहीत. मान्य. सर्व मुले गणितज्ञ किंवा कवीही होणार नाहीत; तरी आपण गणित आणि कविता शिकवितोच. उद्याचा शिक्षक फळ्यावर आकृती काढील, लिपिक सूचना लिहील, परिचारिका औषधांच्या वेळांचा तक्ता करील, शेतकरी आपल्या मालाच्या पेटीवर नाव घालील. या प्रत्येकाला काय वगळावे आणि काय ठळक करावे हे कळले पाहिजे.

खरा प्रश्न शिक्षकांचा आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलेसाठी अर्धवेळ निदेशक असावा, असे म्हटले आहे. याचा सरळ अर्थ असा की शंभराच्या आतल्या शाळेत, म्हणजे वाडीवस्तीवरच्या बहुतेक शाळांत, कलेला कायद्याने माणूसच नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इतर विषय कलेच्या साहाय्याने शिकवावेत असे सांगितले. परंतु शिकविणारा नसेल तर ते सांगणे कागदावरच राहते. ज्या मुलांच्या घरी रंगपेटी नाही त्यांच्याच शाळेत कलाशिक्षक नाही, ही गोष्ट अन्यायाची आहे.

मग तूर्त काय करावे? अर्धवेळ का होईना, दोनतीन लहान शाळांमिळून एक कलाशिक्षक नेमावा, ही मागणी शिक्षकांनी व पालकांनी मिळून लावून धरावी. रेखाकला परीक्षांत अक्षरलेखनाला भूमितीपासून वेगळे करून शब्दाचा भाव अक्षरांतून दाखविण्याचा एक प्रश्न ठेवावा. आणि शासनाची वाट न पाहता करण्याजोगी गोष्ट म्हणजे शाळेतील सुविचाराचा फळा विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. आज त्यावर रंगीत खडूची वेलबुट्टी असते आणि विचार तिच्यात हरवलेला असतो. एका आठवड्यासाठी नियम करावा : एकच रंग, वेलबुट्टी नाही, सहांपेक्षा अधिक शब्द नाहीत, आणि शेवटच्या बाकावरून वाचता आले पाहिजे. मुले आधी कुरकुरतील. मग कोणता शब्द मोठा करावा यावर भांडू लागतील. ते भांडण सुरू झाले की चित्रकलेचा तास सुरू झाला असे समजावे, आणि त्या वेळी तरी गणिताच्या गुरुजींनी तो मागू नये.