फुकटची विद्या आणि बांधावरची शाळा

आतां घरबसल्या विद्या फुकट मिळते, तेव्हां शेतकऱ्यास गुरूची वा शेजाऱ्याची गरज उरली नाहीं, असें कांहीं मंडळी म्हणतात. आम्हांस हें मत मान्य नाहीं. सन २०११ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांस खुला झाला. सुमारें १,६०,००० जणांनीं नांवें नोंदविलीं. शेवटास पोंचले ते २०,००० हून थोडे अधिक. एकट्याचा उत्साह लौकर ओसरतो, हेंच यावरून दिसतें.

उलट, सन १९८९ पासून इंडोनेशियांत निघालेल्या शेतीशाळा पाहाव्या. भातावरील तपकिरी तुडतुडे औषधांनीं हटेनात, कारण त्यांस खाणारे कोळीही त्याच औषधांनीं मरत. तेव्हां पंचवीसएक शेतकरी दर आठवड्यास शेतांत जमत, दोन्हींची मोजदाद स्वतः करीत, आणि फवारावें कीं नाहीं हें आपसांत विचार करून ठरवीत.

आपल्या सरकारचें ‘स्वयं’ हें व्यासपीठ सन २०१७ पासून चालू आहे. तेथें शिकणें मोफत असून प्रमाणपत्राच्या परीक्षेसच शुल्क पडतें. तेथील पाठ टाकाऊ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आपल्या रानांतील बोंडअळी पडद्यावर मोजतां येत नाहीं. यास्तव गांवोगांवच्या सभासदांनीं दहा-पंधरा जणांची मंडळी करून पाठ एकत्र ऐकावा, दुसऱ्या दिवशीं कोणाच्या तरी बांधावर तो पडताळून पाहावा, आणि न पटल्यास तसें स्पष्ट बोलावें. यास खर्च तो चहाचा. नको असलेली एक फवारणी टळली तरी तो भरून निघेल.