मेट्रो-३ पूर्ण धावली. आता खर्चाचा हिशेब कोण देणार?

मुंबईच्या भुयारी मेट्रोतून हैदराबाद आणि इंदूरने काय शिकायचं?

९ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची मेट्रो-३, म्हणजे ॲक्वा लाईन, आरे ते कफ परेड अशी सलग धावू लागली. ३३.५ किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानकं आणि त्यातली २६ जमिनीखाली. पहिल्याच पूर्ण दिवशी सुमारे दीड लाख लोकांनी प्रवास केला. मोबाईलवर फोटो फिरले, नेत्यांची भाषणं झाली, श्रेय कुणाचं यावर वादही झाले.

बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी माणसाला या बातमीत दोन कारणांनी रस असायला हवा. एक तर मुंबईला जाणं-येणं सुरूच असतं, त्यामुळे ही गाडी त्याच्याही वापरातली आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मेट्रोचा जो हिशेब मुंबईत मांडला गेला, तोच आज हैदराबादमध्ये सरकारच्या अंगावर आलाय आणि इंदूरमध्ये मांडायचा बाकी आहे.

बाहेरगावच्या प्रवाशाला काय मिळालं?

बेळगावहून हुबळी-दादर एक्स्प्रेसने येणारा माणूस दादरला उतरतो. मडगावहून कोकणकन्या आणि हैदराबादहून हुसेनसागर सीएसएमटीला येते. इंदूरची अवंतिका मुंबई सेंट्रलला लागते, बडोद्याच्या अनेक गाड्याही तिथेच. मेट्रो-३ या तिन्ही ठिकाणांना जोडते, शिवाय विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना आणि बीकेसीलाही. मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव दिलंय. देशातली पहिली प्रवासी रेल्वे चालवणाऱ्या कंपनीच्या सुरुवातीच्या संचालकांपैकी ते एक.

तिकीट १० ते ७० रुपये. गाड्या साधारण पहाटे ५.५५ ते रात्री १०.३० पर्यंत. म्हणजे पहाटे चारला उतरणाऱ्याला किंवा रात्री अकराची गाडी चुकलेल्याला टॅक्सीशिवाय पर्याय नाही. दादरचं मेट्रो स्थानक पश्चिमेला आहे, रेल्वेच्या फलाटाला लागून नाही. हातात दोन बॅगा असतील तर हे अंतर जाणवतं. तरीही टॅक्सीवाल्याशी घासाघीस न करता सीएसएमटीहून विमानतळाला जाता येणं, ही सोय छोटी नाही.

२३ हजार कोटींचे ३७ हजार कोटी कसे झाले?

प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज होता २३,१३६ कोटी रुपये. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुधारित ३३,४०५ कोटींना मान्यता दिली. शेवटी आकडा ३७,२७६ कोटींवर गेला. वाढ १४,१४० कोटींची, म्हणजे सुमारे ६१ टक्के. एका किलोमीटरला १,१०० कोटींपेक्षा जास्त खर्च पडला. तुलनेसाठी सांगायचं तर इंदूर मेट्रोचा संपूर्ण मूळ अंदाज साडेसात हजार कोटींचा होता. मुंबईच्या नुसत्या वाढीव खर्चात तसे जवळजवळ दोन प्रकल्प बसले असते.

ही वाढ एका कारणाने झाली नाही. भुयारी काम मुळातच महाग. १७ टनेल बोअरिंग मशिन्स खाली उतरवली गेली. कुठे कठीण बेसॉल्ट, कुठे भराव टाकून केलेली जमीन, एका ठिकाणी थेट मिठी नदीच्या खालून बोगदा. गिरगाव, काळबादेवीसारख्या भागात रस्ते इतके अरुंद की वरून खड्डा घेऊन स्थानक बांधायला जागाच नव्हती. तिथे स्थानकाचा मोठा भाग जमिनीखालून पोखरून करावा लागला. शंभरी गाठलेल्या चाळींच्या पायाखालून हे काम चालू असताना प्रत्येक भिंतीच्या तड्यावर लक्ष ठेवावं लागतं. काही इमारती पाडाव्याच लागल्या आणि त्यातल्या रहिवाशांना त्याच परिसरात घर देण्याचं आश्वासन देण्यात आलं. गाडी सुरू झाली की फलाटावरचा प्रवासी हे विसरतो. घर सोडलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र किल्ली हातात पडेपर्यंत प्रकल्प पूर्ण झालेला नसतो.

बाकीची वाढ वेळेची. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईतलं रात्रीचं काम थांबवलं. लोकांना झोप लागत नव्हती, तक्रार रास्तच होती. ही बंदी काही महिन्यांनी उठली. मग आला आरे कारशेडचा वाद. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर रातोरात दोन हजारांवर झाडं तोडली गेली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. ठाकरे सरकारने कामाला स्थगिती देऊन २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवली. त्या जागेवरून केंद्र आणि राज्य यांच्यात जुंपली, डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तिथलं काम रोखलं. जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदललं आणि कारशेड पुन्हा आरेत आली.

या सगळ्यात झाडंही गेली आणि वेळही गेला. पर्यावरणाची बाजू घेणारे असोत की विकासाची, दोघांनाही मान्य व्हावं असं एक वाक्य यातून निघतं. कारशेडची जागा बोगदा खणायच्या आधी पक्की व्हायला हवी होती. गाड्या उभ्या करायची जागा ठरलेली नाही आणि बोगदे मात्र पुढे चाललेत, असा कारभार एखाद्या खासगी दुकानदाराने केला असता तर बँकेने त्याला दारात उभं केलं नसतं.

दीड लाख आणि तेरा लाख

मेट्रो-३ वर दिवसाला १३ लाख प्रवासी येतील, असं अधिकृतपणे सांगितलं गेलं. पहिला पूर्ण दिवस दीड लाखांचा. सुरुवातीला असंच होतं, संख्या वाढत जाते, हे खरं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा दिवसाला वीसेक हजारच प्रवासी होते. मे २०२५ मध्ये गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली, ऑक्टोबरमध्ये कफ परेडला पोचली आणि आकडा उसळला. मेट्रो अर्धी असली की प्रवासी अर्धे येत नाहीत, त्याहून खूप कमी येतात. घरापासून कचेरीपर्यंतची साखळी पूर्ण झाली तरच माणूस सवय बदलतो.

तरी तिकिटावर खर्च निघेल का, हे साध्या गणिताने पाहता येतं. समजा सरासरी तिकीट ३० रुपये धरलं. दीड लाख प्रवाशांकडून दिवसाला ४५ लाख, वर्षाला सुमारे १६४ कोटी. प्रवासी खरोखरच १३ लाख झाले तर वर्षाला १,४०० कोटींच्या वर. आता दुसरी बाजू. खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून आलाय. २०,००० कोटींवर केवळ २ टक्के व्याज धरून पाहिलं तरी वर्षाला ४०० कोटी होतात. त्यावर मुद्दल, वीज, पगार, देखभाल, पंप, सुरक्षा. भुयारी स्थानकात तर हवासुद्धा यंत्राने खेळवावी लागते, दिवा चोवीस तास लागतो. जायकाचं कर्ज कमी व्याजाचं आणि लांब मुदतीचं असतं हे बरोबर, पण ते येनमध्ये फेडायचं असतं. रुपया घसरला की हप्ता फुगतो.

म्हणजे सुरुवातीची कित्येक वर्षं तिकिटातून कर्ज फिटणार नाही. यात गैर काही नाही. रस्ताही तिकीट काढून बांधला जात नाही. प्रश्न एवढाच की तूट किती, ती कुणाच्या अंदाजपत्रकातून भरणार आणि ते दरवर्षी लोकांसमोर मांडणार का. मेट्रो-३ ची कंपनी केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची आहे, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारीही दोघांची.

पाणी शिरलं, नेटवर्क नव्हतं

२६ मे २०२५ ला पावसाने मुंबई लवकरच गाठली आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात गढूळ पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वारापाशी पाणी अडवायला उभारलेली भिंत कोसळली, असं प्रशासनाने सांगितलं. गाड्या काही काळ वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. जीवितहानी झाली नाही. पण भुयारी स्थानकाचं दार हे त्याचं सर्वांत नाजूक ठिकाण असतं, आणि ते दार पावसाळ्याच्या तोंडावर अर्धवट होतं. उद्घाटनाची तारीख कोण ठरवतं, अभियंता की आणखी कुणी, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांनी विचारला.

दुसरी तक्रार मोबाईलची. मार्ग पूर्ण सुरू झाला तरी जमिनीखाली नेटवर्क नव्हतं, कारण मेट्रो प्रशासन आणि मोबाईल कंपन्या यांच्यात यंत्रणा कुणाची वापरायची यावरून वाद. यूपीआयने तिकीट काढायच्या जमान्यात ही हेळसांड झाली. ३७ हजार कोटी खर्च करून तिकीट खिडकीपाशी प्रवासी रेंज शोधत उभा, हे दृश्य शोभत नाही.

हैदराबादचा धडा

आता हैदराबादकडे बघा. तिथली मेट्रो भुयारी नाही, खांबांवरची आहे, आणि खासगी कंपनीने बांधलेली. २००८ मध्ये मेटास कंपनीच्या गटाने हे काम घेताना सरकारकडून पैसे मागण्याऐवजी उलट सरकारलाच ३०,३११ कोटी द्यायची तयारी दाखवली होती. मेट्रो तज्ज्ञ ई. श्रीधरन यांनी तेव्हाच या व्यवहारावर बोट ठेवलं. २००९ मध्ये सत्यम घोटाळा उघड झाला, मेटासही त्याच घराण्याची, आणि कंत्राट रद्द झालं. मग २०१० मध्ये काम लार्सन अँड टुब्रोकडे गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिली गाडी, फेब्रुवारी २०२० मध्ये सुलतान बाजारवरून जाणारा मार्ग सुरू झाला. जुन्या मराठी वस्तीतल्या याच बाजारपेठेच्या व्यापाऱ्यांनी मार्गाला दीर्घकाळ विरोध केला होता.

फेब्रुवारीत मार्ग पूर्ण झाला आणि मार्चमध्ये कोविडने सगळं बंद पाडलं. पुढे प्रवासी साडेचार-पाच लाखांवर गेले, गाड्या खचाखच भरल्या, तरी कंपनी तोट्यातच. कारण व्याज. डिसेंबर २०२३ पासून महिलांना मोफत बसप्रवास मिळाला, कंपनीने तेही कारण पुढे केलं. मे २०२५ मध्ये भाडं वाढवलं, ओरड झाल्यावर सूट देऊन ते ११ ते ६९ रुपयांवर आणलं. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये ठरलं की तेलंगण सरकार मेट्रो ताब्यात घेईल. सुमारे १३,००० कोटींचं कर्ज सरकारच्या माथी आणि कंपनीला वर सुमारे २,००० कोटी.

‘सरकारचा एक पैसा लागणार नाही’ इथून सुरू झालेली गोष्ट पंधरा हजार कोटींवर येऊन थांबली. गाड्या रिकाम्या असत्या तर समजण्यासारखं होतं. गाड्या भरलेल्या असताना हे घडलं, हे लक्षात ठेवायला हवं.

इंदूरने काय विचारावं?

इंदूरमध्ये ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवर सुमारे सहा किलोमीटरची मेट्रो सुरू झाली. पाच स्थानकं, सगळ्यांना राण्या-वीरांगनांची नावं, पहिलं अहिल्यादेवी होळकरांचं. पहिला आठवडा फुकट होता तेव्हा झुंबड उडाली, तिकीट लागताच गर्दी ओसरली. ज्या भागात अजून वस्तीच विरळ, तिथे दुसरं काय होणार? मुंबईच्या पहिल्या टप्प्याचीच ही लहान आवृत्ती.

खरा प्रश्न शहराच्या पोटातला आहे. राजवाड्याच्या बाजूने मेट्रो जमिनीखालून न्यायची, तर बाजारातले व्यापारी आणि जुन्या वास्तूंची काळजी असलेले लोक धास्तावलेत. वरून न्यायची, तर शहराचं रूप जाईल. २०२५ च्या अखेरीस राज्य सरकारने खजराण्यापासूनच भुयारी मार्ग करण्याचं ठरवलं आणि वाढीव खर्च राज्य उचलेल असं सांगितलं. निर्णय लोकांच्या मागणीनुसार आहे, पण तो काम सुरू झाल्यावर बदललेला निर्णय आहे. मुंबईत असा बदल किती महाग पडतो ते दिसलंच.

म्हणून रामबाग असो की राजवाडा, इंदूरकरांनी लोकप्रतिनिधींना चार गोष्टी लेखी मागाव्यात. एक, भुयारी भागाचा सुधारित खर्च आणि दरवर्षीची अपेक्षित तूट. दोन, जुन्या इमारतींची कामाआधीची पाहणी, फोटो आणि नोंदीसकट, म्हणजे पुढे तडा गेला तर ‘आधीचाच होता’ असं कुणी म्हणणार नाही. तीन, दुकान बंद ठेवावं लागलं तर भरपाई कशी आणि किती दिवसांत. चार, स्थानकापासून मोहल्ल्यापर्यंत बस किंवा ई-रिक्षा पहिल्या दिवसापासून.

बेळगावात मेट्रो नाही, पण तिथली मुलं बंगळुरूत नोकरीला आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये नम्म मेट्रोचं कमाल भाडं ६० वरून ९० रुपये झालं तेव्हा त्यांनीच घरी फोन करून सांगितलं असेल की आता महिन्याचा प्रवास किती पडतो. मुंबईच्या लोकलचं किमान तिकीट आजही ५ रुपये आहे. मेट्रोला लोकांनी आपलं म्हणावं असं वाटत असेल, तर भाडं किती आणि तूट कोण भरणार, या दोन्ही गोष्टी उद्घाटनाच्या आधी उघडपणे ठरल्या पाहिजेत. इंदूरला त्यासाठी अजून वेळ आहे, कारण तिथला बोगदा अजून खणायचाय.