पिलाचें शिक्षण कोठें व्हावें?

आमच्या गांवांत कुत्रीं पाळणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे, व तीबरोबर एक विलक्षण रीतही रूढ होत चालली आहे. पिलूं घरीं आणावयाचें, त्याच्यासाठीं गळपट्टा, सांखळी, मऊ बिछाना, विकतचें खाद्य हें सर्व जमवावयाचें, आणि मग त्यास सहा-सात महिने फाटकाच्या आंत असें सांभाळावयाचें कीं बाहेरच्या जगाचा वाराही त्यास लागूं नये. पुढें तें हाडापेरानें मजबूत झालें म्हणजे एके दिवशीं त्यास रस्त्यावर न्यावयाचें, आणि तें रिक्षावर भुंकलें, सायकलीमागें धांवलें, किंवा भीतीनें भिंतीशीं अंग चोरून बसलें, कीं 'हें कुत्रें मूर्ख निघालें' असा निकाल द्यावयाचा! आमच्या मतें येथें मूर्ख कोण हें ठरविण्यापूर्वीं थोडा विचार व्हावयास पाहिजे. परक्यांस दोष देण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. ही चूक आम्हीं स्वतः केलेली आहे, व तिचें फळ एका निरपराध मुलास भोगावें लागलें आहे.

मिरजेस आमच्या घरीं प्रथम जें पिलूं आलें त्याचें नांव आम्हीं वाघ्या ठेविलें होतें. त्याच्या लसी वेळच्या वेळीं टोचविल्या, खाण्यापिण्यांत कांहीं उणें पडूं दिलें नाहीं. लसी पुऱ्या होईतों बाहेर नेऊं नका, असें कोणीसें सांगितलें. तें आम्हीं इतकें मनावर घेतलें कीं लसी पुऱ्या होऊन तीन महिने लोटले तरी वाघ्यानें फाटकाबाहेर पाऊल टाकलें नव्हतें. अंगणांत तो मोठा गुणी होता. 'बस' म्हटलें कीं बसे, 'थांब' म्हटलें कीं ताटली पुढें असतांही थांबे. पाहुण्यांपुढें त्याचें कौतुक करतांना आम्ही थकत नसूं. सातव्या महिन्यांत आम्ही त्यास प्रथमच आळींत घेऊन निघालों. शाळा नुकतीच सुटली होती. पाठीवर दप्तर घेऊन आमच्याच आळींतला एक मुलगा धांवत आला, आणि काय होत आहे हें आम्हांस कळण्यापूर्वींच वाघ्यानें त्याची पोटरी धरली. दप्तराखालीं वांकून धांवणारें मूल हा प्राणी त्यानें जन्मांत पाहिला नव्हता! आम्हीं 'थांब, थांब' म्हणून किती ओरडलों. तो शब्द जणूं त्यानें कधीं ऐकलाच नव्हता.

मुलास दवाखान्यांत नेलें, टांके पडले, रेबीजच्या लसी घ्याव्या लागल्या. त्याच्या वडिलांनीं आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं, व तेंच आम्हांस अधिक लागलें. वाघ्यास आम्हीं एका ओळखीच्या गृहस्थांच्या द्राक्षमळ्यावर पाठविलें. तेथें तो दोन वर्षें सांखळीसच होता व सांखळीसच मेला.

ह्या प्रकारानंतर आम्ही जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, त्यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. पिलाच्या आयुष्यांत एक अल्प काळ असा असतो कीं त्या काळांत जें जें त्याच्या डोळ्यांस दिसतें व कानांवर पडतें, तें तें तें आपलें मानतें. तो काळ सरला म्हणजे प्रत्येक नवी वस्तु प्रथम संशयास्पद ठरते, व मग ओळखीची झाली तर झाली. अमेरिकेंत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत स्कॉट व फुलर ह्या शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांच्या पांच जातींचा दीर्घकाल अभ्यास करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत हा काळ सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा धरला आहे. त्यापूर्वीं १९६१ सालीं तेथील एका प्रयोगाचा वृत्तांत छापून आला होता. कांहीं पिलें आईसह कुंपणाच्या शेतांत वाढविलीं व चौदा आठवड्यांचीं होईपर्यंत त्यांस माणसाचा सहवास घडूं दिला नाहीं. त्यानंतर माणसें प्रेमानें जवळ गेलीं तरी तीं पिलें दूरच पळत. आमचा वाघ्या फाटकाबाहेर पडला तेव्हां तीस आठवड्यांचा होता!

यावर लसींचा आक्षेप येतो, व तो पोकळ नाहीं. पार्व्होचे विषाणु मातींत महिनेच्या महिने टिकतात व लहान पिलास तो रोग बहुधा जीवघेणा होतो. परंतु हिशेब करून पाहावा. लसींची मालिका सहाव्या ते आठव्या आठवड्यास सुरू होऊन सोळाव्या आठवड्याच्या सुमारास पुरी होते. म्हणजे तोंवर पिलास कोंडून ठेवणें म्हणजे शिकण्याचा सबंध काळ कोंडून घालविणें होय. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संस्थेनेंही २००८ सालीं, मालिका पुरी होण्याची वाट न पाहतां, पहिली लस टोचल्यावर सावधगिरीनें पिलास जग दाखवावें, असेंच मत दिलें. सावधगिरी ती एवढीच कीं जेथें अनोळखी कुत्र्यांचा वावर व त्यांची घाण असते तेथें पिलास जमिनीवर सोडूं नये. पाहण्यास व ऐकण्यास पाय जमिनीला लागावेच लागतात असें थोडेंच आहे?

खरें पाहतां हें ज्ञान आमच्या प्रांतास नवें नाहीं. माणदेशांतील धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरें घेऊन चारणीस बाहेर पडतात, तेव्हां त्यांच्या बिऱ्हाडांत घोड्यावर लादलेल्या सामानाबरोबर कोंबडीं असतात, कोंकरें असतात, आणि कुत्र्यांचीं पिलेंही असतात. त्या पिलांस वेगळें असें कोणी शिकवीत नाहीं. मोटारी, ओढे, परके गांव, परकीं कुत्रीं, रात्रींचे आवाज हें सर्व तीं थोरल्या कुत्र्यांच्या व माणसांच्या सोबतीनें पाहतात, आणि वर्षभरांत कळपाचा पुरता भरंवसा त्यांच्यावर टाकतां येतो. अंगणांत सांखळीस बांधून वाढविलेलें कुत्रें मेंढरांच्या राखणीस ठेवावें, असें कोणा धनगरास सुचविलें तर तो हंसेल.

वाघ्या गेल्यावर तीन वर्षें आम्हीं कुत्रें आणलें नाहीं. पुढें आषाढांत एक आठ आठवड्यांची गांवठी पिली घरीं आली. तिचें नांव मैना. (तिची जात कोणती, असें आम्हांस आजवर अनेकांनीं विचारलें आहे. 'गांवठी' म्हणतांच त्यांचा चेहरा पडतो. त्यास आमचा इलाज नाहीं.) पहिली लस टोचल्यावर आठवडा गेला, तेव्हांपासून आम्ही तिला भाजीच्या टोपलींत बसवून रोज थोडा वेळ बाहेर नेऊं लागलों. स्टेशनाबाहेर एका बाजूस बसून गाडीची शिटी, हमालांच्या हांका व गर्दी तिनें ऐकली. मंडईंत ती तराजूंचा खणखणाट ऐके. सतारी करणाऱ्यांच्या गल्लींत भोपळे तासण्याचा खरखराट ऐकून ती प्रथम टोपलींत दडली, व तिसऱ्या दिवशीं तेथेंच झोंपी गेली. काठी टेंकीत चालणारे म्हातारे, बुरखा घेतलेल्या बाया, छत्री उघडणारा माणूस, शिरस्त्राण घातलेला फटफटीवाला, नंदीबैल, अशीं हरतऱ्हेचीं दर्शनें तिला घडलीं.

ह्यांत आम्हीं एकच पथ्य पाळलें. नवी वस्तु तिला दिसावी पण शेपूट पोटाखालीं जाऊं नये, एवढ्या अंतरावर थांबावयाचें. हें अंतर ओळखण्याची खूण सोपी आहे. उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा पुढें करावा. पिलानें तो खाल्ला तर ठीक चाललें आहे, आणि एरव्हीं आवडीनें खाणाऱ्या पिलानें त्याकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं तर समजावें कीं भीति पोटांत शिरली, व दहा पावलें मागें यावें. 'संवय होऊं दे' म्हणून त्यास तसेंच ओढीत पुढें नेणारे पुष्कळ दिसतात. त्यानें संवय होत नाहीं. भीति मात्र पक्की होते. भाद्रपद जवळ आल्यावर ढोलांचा सराव सुरू झाला, तेव्हां आम्ही दोन गल्ल्या अलीकडे बसत असूं, व रोज जमेल तेवढेंच पुढें सरकत असूं. आम्ही ढोलांजवळ मात्र गेलों नाहीं. विसर्जनाच्या रात्रीं मैना घरींच होती, आणि तेंच योग्य होतें असें आम्हांस वाटतें. कुत्र्याचे कान आमच्याहून कितीतरी तीक्ष्ण असतात. त्यांची परीक्षा पाहण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

लसी पुऱ्या झाल्यावर मैना पायीं चालूं लागली. पिलूं दोरी ओढूं लागलें कीं आपण खांबासारखें उभें राहावयाचें, दोरी सैल झाली कीं निघावयाचें, एवढाच ह्यांतला मंत्र. पण तो म्हणणाराची तपश्चर्या मोठी आहे. आळीच्या टोंकापर्यंतचीं शंभर पावलें चालण्यास आम्हांस पहिल्या दिवशीं वीस मिनिटें लागलीं. एका शेजाऱ्यांनीं गॅलरींतून विचारलें, "काय हो, तुम्ही कुत्र्याला फिरवतां, कीं कुत्रंच तुम्हांला उभं करतं?" ह्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं तरी आमच्यापाशीं नव्हतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. वाघ्यानें रस्त्यावर आमचा शब्द ऐकला नाहीं तो उद्धटपणानें नव्हे. माणसाचें मूल शाळेंत पाढे शिकलें तर दुकानांतही तेच पाढे म्हणतें. कुत्र्याच्या पिलाचें तसें नाहीं. अंगणांत, सकाळीं, आमच्या समोर उभें राहून शिकलेलें 'बस' त्याच्या मनांत त्या अंगणाशीं व त्या सकाळीशीं बांधलेलें असतें; दाराबाहेर तो शब्द पुन्हा शिकवावा लागतो, मंडईच्या कोपऱ्यावर पुन्हा, पुलावर पुन्हा. सात-आठ ठिकाणीं असें झालें म्हणजे मग हळूहळू तो शब्द जागेपासून सुटतो. म्हणूनच पिलूं महिनाभर दूरच्या आखाड्यांत शिकण्यास पाठवून तें शहाणें होऊन परत येईल, अशी जी अपेक्षा सांप्रत केली जाते, ती आम्हांस भाबडी वाटते. शिक्षक चांगला असेलही. परंतु तो त्या आखाड्यांत, आणि आपली आळी येथें. पिलानें जेथें जन्म काढावयाचा तेथेंच त्याची शाळा भरली पाहिजे, व जे त्याच्याबरोबर जन्म काढणार त्यांनींच ती भरविली पाहिजे. पांच पांच मिनिटांचे दोन-तीन धडे रोजचे पुरेत. भाषा कोणती हा प्रश्न गौण आहे, तरी मराठी घरांतलें कुत्रें फक्त इंग्रजी जाणतें व घरांतील आजीस त्याच्याशीं बोलतांच येत नाहीं, असा विनोदी प्रकार आम्हीं पाहिला आहे.

छडीचे भक्त अद्यापि आहेत. त्यांस एवढेंच विचारावें कीं पिलूं हांक ऐकून उशिरानें का होईना परत आलें असतां त्यास चोप दिला, तर तें शिकलें काय? त्याच्या हिशेबीं मार हा येण्याचा मिळाला. पुढच्या खेपेस तें येणार नाहीं. मैनेला आम्हीं मोकळ्या मैदानांत वीस हात दोरीवर सोडून हांक मारण्याचा सराव दिला, व कितीही रागावलों असलों तरी ती आली कीं कांहींतरी गोड वाटेल असेंच केलें. राग गिळणें आम्हांस सोपें गेलें असें मात्र नाहीं.

रस्त्यावर पडलेलें खाणें हा आणखी एक धडा आहे. तोंडांतून हिसकावून घेतलें तर पिलूं घाईनें गिळण्यास शिकतें. त्याहून चांगला तुकडा दाखवून अदलाबदल करावी. आमच्या जिल्ह्यास ह्या बाबतींत विशेष जपलें पाहिजे. तासगांवचा बेदाणा आमच्याकडे घरोघर असतो व मुलें प्रेमानें तो कुत्र्यापुढें टाकतात. परंतु द्राक्षें व बेदाणे ह्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. तसेंच चैत्र-वैशाखांत दुपारीं डांबरावर पिलास नेऊं नये. आपल्या हाताची पाठ तेथें सात-आठ सेकंद टेंकवत नसेल तर त्याचे तळवेही भाजतील.

रस्ता प्रथम वाटसरूचा आहे, हेंही सांगितलें पाहिजे. ज्यास कुत्र्याची भीति वाटते किंवा त्याचा स्पर्श नको असतो, त्यास 'कांहीं करत नाहीं तें' असें सांगून हंसणारे मालक आम्हांस असभ्य वाटतात. पिलास प्रत्येकाच्या अंगाशीं जाऊं देणें म्हणजे त्यास माणसाळविणें नव्हे. माणूस जवळून गेला तरी शांत राहणें हा धडा अधिक मोलाचा. त्याची घाण उचलणेंही आपल्याकडेच आलें. दुसऱ्या बाजूनें, कुत्रें जन्मभर बांधून ठेवणाऱ्यांनींही एक गोष्ट जाणून असावी. प्राण्यांचा छळ रोखण्यासाठीं १९६० सालीं झालेल्या कायद्याच्या अकराव्या कलमांत, नेहमीं सांखळीस किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसें फिरविण्याची मालकानें हयगय करणें हा अपराध गणला आहे. आम्हीं हें कलम वाघ्याच्या मृत्यूनंतर वाचलें.

तो मुलगा आतां वरच्या इयत्तेंत गेला आहे. शाळा सुटण्याच्या वेळीं मैनेस घेऊन आम्ही आळीच्या तोंडाशीं असलों व तो येतांना दिसला, तर तो अजूनही पलीकडच्या बाजूस जातो. आम्ही मैनेस रस्त्याच्या कडेस बसवितों व तो जाईपर्यंत उभे राहतों. ती बसते, त्याच्याकडे पाहते, मग आमच्याकडे पाहते. तो पूर्वीं धांवत जात असे, हल्लीं चालत जातो. आम्ही त्यास जवळ बोलावीत नाहीं.